माशीचे मोल

मराठी भाषेने माशीला कधी मान दिला नाही. काम अडले की कुठेतरी 'माशी शिंकते', शुभारंभीच विघ्न आले की 'मक्षिकापात' होतो, आणि निरुद्योगी माणूस 'माशा मारीत' बसतो. तुच्छतेचे व विघ्नाचे हे प्रतीक एका प्रकरणात शब्दशः खरे ठरले. १९९३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, कोल्टन येथे, सॅन बर्नार्डिनो कौंटीचे सार्वजनिक रुग्णालय बांधण्याची तयारी चालू असता एका माशीसाठी त्याची जागा हलवावी लागली. त्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न मात्र जुना आहे : ज्याचा माणसाला उपयोग नाही, त्याला असण्याचा हक्क आहे काय?

या माशीचे नाव 'डेल्ही सँड्स फ्लॉवर-लव्हिंग फ्लाय'. यातील डेल्ही म्हणजे आपली राजधानी नव्हे; वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक वाळूच्या एका प्रकाराला मृदाशास्त्रज्ञांनी दिलेले ते नाव आहे. माशी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, नारिंगी-तपकिरी रंगाची. आपल्या लांब सोंडेने ती फुलासमोर हवेत स्थिर राहून मकरंद घेते. तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपाने वाळूखाली जातो. ऑगस्टच्या आगेमागे ती पंख घेऊन वर येते, जोडीदार शोधते, वाळूत अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. या वाळूच्या टेकड्यांवर आधी द्राक्षांचे व लिंबूवर्गीय फळांचे मळे आले, मग गोठे, मग घरे आणि गोदामे. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक अधिवास नष्ट झाल्यावर, सप्टेंबर १९९३ मध्ये, तिचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आले. त्या यादीतील ती पहिली माशी.

रुग्णालयाची इमारत अडीचशे फूट सरकवण्यात आली आणि काही जमीन माशीसाठी राखली गेली. पुढे रस्त्याच्या रुंदीकरणावरून वाद न्यायालयात गेला. घरबांधणी व्यावसायिकांची संघटना व कौंटी यांचा युक्तिवाद असा की, एकाच राज्यात राहणाऱ्या माशीवर केंद्रीय कायद्याची सत्ता चालू शकत नाही. कारण ती सत्ता आंतरराज्य व्यापारापुरती आहे. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९९७ साली, दोन विरुद्ध एक मताने, माशीच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये त्यात लक्ष घालण्यास नकार दिला, आणि १९९९ साली रुग्णालयही सुरू झाले.

या निर्णयातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. माशी वाचली ती तिच्या स्वतःच्या मोलामुळे नव्हे. जैवविविधतेचा व्यापाराशी संबंध जोडता आला म्हणून. जिला बाजारात किंमत नाही, तिला बाजाराच्याच दारातून न्यायालयात शिरावे लागले. उपयुक्ततेचा आधार असा निसरडा असतो. आज ज्याच्या उपयोगाने एखादा जीव तारला जातो, उद्या त्याहून मोठा उपयोग दाखवून तोच जीव पुसला जाऊ शकतो.

मग आपल्या परंपरेतील भूतदया पुरेशी आहे काय? अहिंसेने कीटकालाही जीव मानले, हे तिचे मोठेपण. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकांचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले. परंतु दया समोरच्या एका जिवावर केली जाते. एकही माशी हाताने न मारता तिची वाळू फरसबंद करणारा माणूस दयाळू राहूनही एक अख्खी जाती संपवू शकतो. जातीचा अंत हा अनेक मृत्यूंची बेरीज नव्हे. त्या प्रकारच्या जन्माचीच ती समाप्ती आहे. त्यासाठी दयेच्या जोडीला संयमाची, स्वतःची हद्द ओळखण्याची नीती लागते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. ज्या रुग्णालयात गरीब रोगी येणार, त्याचा खर्च माशीसाठी का वाढावा? 'माणूस की माशी' असा पर्याय खरोखर असता, तर माणसाची निवड करणाऱ्याला दोष देणे कठीण होते. पण कोल्टनमध्ये तो पर्याय नव्हता. एका पारड्यात अडीचशे फुटांची गैरसोय व काही खर्च होता, दुसऱ्यात कायमचा लोप. शिवाय विघ्न माशीने आणले, हे म्हणणेही अर्धसत्य आहे. मळे, घरे व गोदामे यांनी आधीच्या दशकांत वाळू फस्त केली, आणि त्या सर्वांचे देणे शेवटी आलेल्या रुग्णालयाच्या दाराशी येऊन उभे राहिले. अन्याय झालाच असेल तर तो आधी नफा घेऊन गेलेल्यांनी केला. उरल्यासुरल्या तुकड्यावर तगून राहिलेल्या जिवाने नव्हे. म्हणून असे देणे साऱ्या समाजाने वाटून घ्यावे, हेच न्याय्य.

वाघ वा हत्ती यांच्या रक्षणात आपल्या सौंदर्यबुद्धीचा आणि अभिमानाचा वाटा असतो. माशी आपल्याला असे काहीच देत नाही. तिच्याकरिता जागा सोडणे हे कोणत्याही प्रतिफलाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म ठरते, आणि आपली नीती स्वार्थापलीकडे कितपत जाते, हे तेथेच कळते.