माहेरची आशा, सासरची आशा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात अजून टिकून आहे. मेढ्याच्या आसपासची सून दिवस भरत आले की माहेरी जाते आणि सव्वा महिना उलटल्यावर, कधी तिसऱ्या महिन्यात, बाळाला घेऊन परतते. सरकारी गृहभेटींचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहावं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असतं. म्हणजे पहिल्या पाच भेटी तरी माहेरच्या आशेच्या वाट्याला. गरोदरपणी जिच्याशी बोलणं झालं, ती सासरची आशा वेगळीच. बाप मुंबईत माथाडी असेल, तर पुढे मायलेकरं नवी मुंबईच्या खोलीत, म्हणजे तिसऱ्याच हद्दीत.

ही गृहभेट मुळात महाराष्ट्राने देशाला दिली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि शेजारच्या 47 गावांशी तुलना केली. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी. 2011 पासून आशांमार्फत हीच पद्धत देशभर गेली. आशा हात धुते, बाळाला झोळीत घालून वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना. हे काम चोख आहे आणि त्याने जीव वाचतात.

पण जगलेलं मूल वाढतं कसं, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं भक्कम उत्तर आलं जमैकातून. किंग्स्टनमधल्या 129 खुरटलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी 1986-87 पासून दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, एक आरोग्यसेविका जाऊ लागली. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन ती आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. नुसता पोषक आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. अंगणवाडीची ओळख आहाराच्या पाकिटाशी जोडून बसलेल्या आपण सगळ्यांनी याची नोंद घ्यायला हवी.

आपल्याकडे 2018 पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक, अशा पाच भेटी ठरल्या. केंद्राच्या नियमाने आशेला एका भेटीचे 50 रुपये. तिकडे एका मुलामागे शंभराच्या आसपास भेटी, इथे पाच. आणि त्या पाचांतच लसीकरण, वजन, वरचं अन्न, स्वच्छता सगळं उरकायचं. खेळण्या-बोलण्याला किती मिनिटं उरणार? शिवाय घुटी द्यायची की नाही, बाळाला कोणी किती वेळ घ्यायचं, हे आपल्याकडे बहुतेक घरांत सासूबाई ठरवतात. सुनेला बाजूला घेऊन दिलेला सल्ला चुलीपर्यंतही पोचत नाही.

जमैकाइतक्या भेटींना पैसा कुठून, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर ओडिशात सापडतं. तिथल्या गावांत काही आयांना घरी भेटी दिल्या, काहींना गटात एकत्र बसवलं. मुलांच्या आकलनात दोन्हीकडे सुधारणा झाली आणि गटाचा खर्च बराच कमी आला. मात्र हे जसंच्या तसं उचलून चालणार नाही. ओली बाळंतीण घर सोडून गटात येणार नाही, आणि शिवसागर जलाशयाच्या काठच्या चार-सहा घरांच्या वाडीत गट जमणार कुणाचा? माझ्या मते पहिले बेचाळीस दिवस घरीच जावं. पुढे मोठ्या गावात आठवड्याला सासू-सुनांची एकत्र बैठक घ्यावी आणि सुट्या वाड्यांपुरती घरची भेट ठेवावी, पण तिचं मानधन पायपिटीच्या मानाने द्यावं.

तोवर एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. बाळ माहेरून निघालं की तिथल्या आशेने सासरच्या आशेला फोन करून वजन, लस आणि काही अडचण असेल तर ती सांगायची. माहेरच्या आशेच्या नोंदवहीत या फोनचा एक रकाना सातारा जिल्हा परिषदेने घालावा, आणि त्या कामाचेही पैसे तिला द्यावेत.