आरोपीस वकील कशाला?

बालकावर अत्याचार केल्याचा ज्यावर आरोप आहे त्यास वकील कशाला, असा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावरील वाड्यांतूनहि ऐकूं येतो. लेकराच्या कळवळ्यानें तो उठतो. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

सन २०२४ च्या ऑगस्टांत बदलापूर येथील शाळेंत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें. ता. २० रोजीं जमावानें आगगाड्या अडवून फांशीची मागणी केली. ता. २३ सप्टेंबर रोजीं आरोपी पोलिसांच्या ताब्यांत असतां त्यांच्याच गोळीनें मरण पावला. पुष्कळांस समाधान वाटलें. परंतु त्याच्या अपराधाविषयीं न्यायासनाचा निवाडा त्या लेकरांस कधींच मिळाला नाहीं.

आरोप खोटा असल्यास निरपराधी बुडतो, व खरा अपराधी दुसऱ्या लेकराजवळ मोकळा राहतो. आरोप खरा असल्यास वकिलाच्या कसोटीस उतरलेला निवाडाच वरिष्ठ न्यायालयांत टिकतो. म्हणूनच १९८७ च्या कायद्यान्वयें अटकेंतील मनुष्यास, तसेंच बालकासहि, मोफत वकील मिळूं शकतो. मात्र वकिलानें बालकास धमकावूं नये, यास्तव २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें त्याचे प्रश्न न्यायाधीशच बालकास विचारतात.

ऐकून घेतल्यावांचून मनुष्यास दोषी ठरविण्यास निकदेमानें हरकत घेतली, तेव्हां त्याचीहि निर्भर्त्सना झाली.

तर बंधुभगिनींनो, असा प्रसंग आल्यास लेकराचें ऐका, त्यास जपा, विनाविलंब पोलिसांस कळवा. आणि आरोपीचें वकीलपत्र घेणाऱ्यास वाळींत टाकूं नका.