सामान किती, ओझे किती?

समजा, आपण म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये राहता आणि तीन दिवसांची सायकलयात्रा ठरवली आहे. पहिल्या दिवशी श्रीरंगपट्टण, पांडवपुरावरून मेलुकोटे, सुमारे 50 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळ. तिसऱ्या दिवशी परत घरी. निघण्याच्या आदल्या रात्री सामान पलंगावर मांडले आहे आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या रिकाम्या आहेत. आता प्रश्न एकच आहे : यातले काय घ्यायचे?

हा प्रश्न केवळ प्रवासाचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. आयुष्यभर आपण जो निर्णय पुढे ढकलतो, तो सायकल एका रात्रीत घ्यायला लावते.

सपाटीवर न कळणारे वजन

सायकलस्वार आणि सायकल मिळून वजन 80 किलो धरा. त्यात 8 किलो सामान वाढवले, तर चढावर श्रम जवळजवळ एक दशांशाने वाढतात. गंमत अशी, की सपाट रस्त्यावर हे वजन फारसे जाणवत नाही. कावेरीकाठच्या उसाच्या आणि भाताच्या शेतांमधून जाताना आपल्याला वाटते, सगळे घेतले ते बरेच झाले. मेलुकोट्याचा चढ सुरू झाला की प्रत्येक वस्तू आपला हिशेब मागते. संसारातही असेच आहे. सुखाच्या दिवसांत संग्रहाचे ओझे कळत नाही. चढ आला म्हणजे कळते.

मग कमी घ्यावे, हे उत्तर सोपे वाटते. पण इथेच थोडे थांबू या.

दोन उलट्या चुका

जास्त सामान भरणारे मन बहुधा भयाने भरते. पाऊस आला तर? थंडी वाजली तर? भूक लागली तर? प्रत्येक 'तर'साठी एक वस्तू. असा माणूस सर्व शक्यतांची तयारी करतो आणि वाटेतल्या माणसांची गरजच शिल्लक ठेवत नाही. त्याला कोणाकडे पाणी मागावे लागत नाही, म्हणून कोणाशी बोलावेही लागत नाही.

फार कमी सामान घेणाऱ्याची चूक अधिक सूक्ष्म आहे. 'मला काही लागत नाही' हे म्हणण्यात एक गोड अहंकार असतो. पंक्चर झाले की हाच माणूस सोबत्याची ट्यूब मागतो, सोबत्याच्या बाटलीतले पाणी पितो, अंधार पडला की दुसऱ्याच्या दिव्यामागे चालतो. त्याचा अपरिग्रह दुसऱ्याच्या पिशवीतून चाललेला असतो. स्वतःचे ओझे दुसऱ्यावर टाकून हलके होणे याला त्याग म्हणता येईल का?

म्हणून खरा प्रश्न 'किती' हा नाही. 'कशासाठी' हा आहे.

तीन उपकरणे

या यात्रेचे जे ठिकाण आहे, तिथेच याचे एक उत्तर सापडते. दिगंबर जैन मुनी सर्वस्वाचा त्याग करतात, वस्त्रही ठेवत नाहीत. तरीही तीन गोष्टी त्यांच्यापाशी असतात : मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. पिंछी जीवजंतूंना हळुवार बाजूला सारण्यासाठी, कमंडलू शुचितेसाठी, शास्त्र ज्ञानासाठी. यांना परिग्रह म्हणत नाहीत, उपकरण म्हणतात. जैन आचार्यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूवरील आसक्तीवरून केली आहे.

आपण मुनी नाही. पण ही कसोटी आपल्या पिशवीलाही लावता येते.

पहिली कसोटी : ही वस्तू माझ्यामुळे इतरांना होणारा त्रास टाळते का? पुढचा आणि मागचा दिवा, घंटी, नीट लागणारे ब्रेक, कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी, घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद. यांचे वजन नगण्य, पण नेमके हेच विसरले जाते.

दुसरी : ही वस्तू देह आणि वाहन चालते ठेवते का? दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, रोजची औषधे, एक जादा ट्यूब, पंक्चर किट, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ॲलन कीचा संच, चेनचे तेल. कपड्यांचे दोन जोड पुरतात : एक अंगावर, एक वाळत. जड वस्तू पिशवीत खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवाव्यात, नाहीतर सायकल एका अंगाला ओढते.

तिसरी : ही वस्तू मला जागे ठेवते का? रस्त्याचा नकाशा, एखादी छोटी वही, नित्य वाचनाचे एक पुस्तक. एकच.

जी वस्तू या तिन्हींत बसत नाही, ती बहुधा भयाची किंवा मिरवण्याची असते.

वाटून घेतलेले ओझे

डिसेंबर 1985 मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा सुरू केली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. अंतर 5,000 किलोमीटरहून जास्त. बाबांना स्वतः मणक्याच्या आजारामुळे सायकल चालवणे तर दूर, नीट बसणेही शक्य नव्हते. ते वाहनात पडून सोबत होते. जो नेत होता त्यालाच वाहून न्यावे लागत होते, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. आपल्याला जमेल ते आपण उचलावे, न जमेल ते संकोच न करता सोबत्यांवर सोपवावे. चौघांत एक पंप पुरतो. पण तो कोणाच्या पिशवीत आहे, हे निघण्यापूर्वी चौघांनाही ठाऊक असले पाहिजे. विश्वासालाही तयारी लागते.

शेवटचे ओझे

श्रवणबेळगोळला पोहोचल्यावर सायकल खाली ठेवावी लागते, पादत्राणेही. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. वर एका अखंड शिळेतून घडवलेली, सुमारे 57 फूट उंचीची गोमटेश्वर बाहुबलींची मूर्ती. इ.स. 981 च्या सुमारास चावुंडरायाने ती घडवून घेतली. तिच्या पायाशी कोरलेला मराठी लेख आपल्या भाषेतील सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक आहे.

बाहुबलींनी भावाला द्वंद्वात जिंकले आणि जिंकलेले राज्य सोडले. ते वर्षभर निश्चल उभे राहिले; पायांवर वेली चढल्या. अंगावर वस्त्रही नव्हते. तरीही, परंपरेतील कथा सांगते, त्यांना ज्ञान होत नव्हते. मनात एक सल उरला होता : आपण उभे आहोत ती भूमी भरताची आहे. भरत आला, नम्र झाला, तेव्हा तो सल गेला.

हातात काहीच नसताना एक विचार इतका जड असू शकतो. म्हणून पिशवी बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि स्वतःला विचारा : कोणाबद्दलचा राग मी सोबत नेत आहे? कोणाला दाखवण्यासाठी निघालो आहे? परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी करा. पुढच्या वेळी त्या घरी राहतील. आणि सोबत नेलेला पण वाटेत गरज न पडलेला एखादा राग आढळला, तर तोही त्या यादीत लिहा.