नावाचा मान

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याची कथा ज्यांनी केवळ कीर्तनातूनच ऐकली आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल की, जिने शेजारीपाजारी याचना करून चार मुठी पोहे मिळविले, ते जुन्या चिंधीत बांधून नवऱ्याच्या हाती दिले आणि त्यास द्वारकेची वाट धरावयास लाविले, त्या गृहिणीचे नाव मूळ संहितेत कोठेच नाही. सुशीला हे नाव तिला मागाहूनच्या परंपरेने बहाल केले. तीच गोष्ट कर्णपत्नीची. स्त्रीपर्वात गांधारी तिचा आक्रोश श्रीकृष्णास दाखविते खरी, परंतु मुलांची आई एवढ्याच ओळखीवर. मराठी घरांत ती वृषाली म्हणून रुजली ती मुख्यतः शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’मुळे.

परंपरेचे हे औदार्य वंदनीय आहे. मात्र ते कोणाच्या वाट्यास आले, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वारणावताच्या लाक्षागृहात कुंतीने घातलेल्या भोजनास एक निषाद स्त्री आपल्या पाच पुत्रांसह आली, मद्याच्या अंमलाखाली तेथेच निजली आणि भीमाने लाविलेल्या आगीत पुत्रांसह जळून गेली. तिची व त्या पाचांची प्रेते पाहून पांडव कुंतीसह मेले अशी लोकांची खात्री पटली, म्हणूनच आपले नायक निर्धास्तपणे निसटू शकले. तिला नाव देण्याची निकड मात्र ना कीर्तनकारांना भासली, ना आपल्या आजीबाईंना. भक्ताची किंवा वीराची पत्नी होणे जिच्या नशिबी नव्हते, ती अनामच राहिली.

हा पंक्तिप्रपंच आपल्या दारीही चालतो. कळव्यात खारेगावापासून पारसिकपर्यंत कोणत्याही सोसायटीच्या फाटकावरील नोंदवही उघडावी : पाहुण्याचे नाव, गाव, दूरध्वनी सारे तपशीलवार, आणि वर्षानुवर्षे येणाऱ्या मोलकरणीपुढे ‘बाई, ४०२’ एवढाच शेरा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी घालण्याचा दंडक महाराष्ट्र शासनाने घातला, तो योग्यच. पण सरकारी दप्तर सुधारले म्हणून आपल्या फाटकावरील वही आपोआप सुधारत नाही. वाचकहो, उद्या सकाळी तिला पूर्ण नाव विचारा, वहीत ते नीट लिहवून घ्या, आणि हाक मारताना तेच वापरा.