वडाचे फळ कोणाचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी वाद झाला. कुंपणालगत आजोबांच्या वेळचा वड आहे. त्याचा पाला छपरावर पडतो, पन्हळ तुंबते, रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी अंगणभर घाण. मुलाने सरळ विचारले, "बाबा, या झाडाचा आपल्याला उपयोग काय?" आंबा, फणस खायला तरी देतात. मला उत्तर सुचले नाही.

मग मी आठवडाभर झाडाकडे नीट पाहिले. ऐन चैत्रात साग उघडाबोडका होतो, वड मात्र हिरवागार. त्याच्या लाल फळांवर तांबट, कोकीळ, मैना, हरियाल यांची झुंबड. अंधार पडला की त्याच पंगतीला वटवाघळे. पावसाळ्यात याच दाट पानांआड पाखरे दडून बसतात. ढोलीत पिंगळ्याचे जोडपे आहे, ते तर भाडेही देत नाही!

सगळे वड एकदम पिकत नाहीत, यामागेही कारण आहे. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाचा आपला एक कीटक असतो, गांधीलमाशीच्या कुळातला पण मुंगीहून लहान. मादी कोवळ्या फळाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख गळतात. ती आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी परागकण घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हाती एखाद-दोन दिवसच असतात. तेवढ्यात कोवळ्या फळांचे दुसरे झाड सापडलेच पाहिजे. म्हणून कुठे ना कुठे एखादा वड फळलेला असतो आणि इतर झाडांची फळे संपली तरी पाखरांची चूल पेटती राहते.

मुलाने पवित्र शास्त्र काढले. अनुवादाच्या २०व्या अध्यायात वेढा घालणाऱ्या सैन्याला फळझाडे तोडायला मनाई आहे. ज्यांचे फळ माणूस खात नाही ती झाडे तोडायला मुभा आहे. "मग वडाला हरकत काय?" मी उत्पत्तीचा पहिला अध्याय पुढे केला. तिथे पशुपाखरांनाही हिरवळीतला वाटा नेमून दिला आहे. कोणी जिंकले नाही. शहरी भागात झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पण परवानगी मिळणे वेगळे आणि तोडणे योग्य असणे वेगळे.

मुलाचीही बाजू खरी आहे. पन्हळ साफ करायला शिडीवर तो चढतो, मी नाही. दुसऱ्याच्या कष्टावर पाखरांना जेवू घालण्यात माझे औदार्य ते कसले?

शेवटी ठरले, झाड राहील. छपरावरची एक फांदी परवानगी घेऊन उतरवायची, तीही तिच्यावरचे कावळ्याचे घरटे रिकामे झाल्यावर. तोवर पन्हळ मी साफ करायची. माझे वय ६४. शिडी मुलगा धरतो.