आभारप्रदर्शनाच्या आधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत एक तक्ता आहे. निमंत्रित व्याख्यानासाठी प्राध्यापकाला किती गुण मिळतात, ते त्यात दिलं आहे. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोललात तर 7, देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत 5, राष्ट्रीय चर्चासत्रात 3, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2. तक्ता इथं संपतो. पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, देवळाच्या सभामंडपात बसलेल्या तीस माणसांना आपलं दहा वर्षांचं काम समजावून सांगितलं तर त्याचं काय, असा रकाना त्यात नाही. 'विस्तारकार्य' म्हणून दुसरीकडे नोंद होऊ शकते. पण तिथं ते वृक्षारोपणाच्या आणि रक्तदान शिबिराच्या फोटोंच्या रांगेत जाऊन बसतं.

गंमत अशी की, अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीनं विस्तार ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी आहे आणि तिला तोच दर्जा मिळाला पाहिजे, असं याच आयोगानं 1977 मध्ये म्हटलं होतं. 1956 ते 1961 या काळात आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलेले चिंतामणराव देशमुख जन्मानं याच महाड-पोलादपूर भागातले, रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावचे. नाते महाड तालुक्यात येतं. त्याच तालुक्यात आज विद्यापीठाचा माणूस भेटतो तो बहुधा गॅदरिंगचा प्रमुख पाहुणा म्हणून.

खरं तर विद्वानाचं व्याख्यान काय करू शकतं, हे महाडला बाहेरच्यानं येऊन सांगायची गरज नाही. वर्षातल्या दुसऱ्या महाड परिषदेसाठी 24 डिसेंबर 1927 ला मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. परिषदेला जागा मिळायचीच मारामार होती. ती फत्तेखान यांनी दिली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचं दहन या दोन घटनांच्या उजेडात त्या वर्षीची भाषणं झाकली जातात. मला मात्र ती व्याख्यानं म्हणूनही पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. बोलणारा माणूस लंडनचा डी. एस्सी., सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला. कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. त्याला रीतसर मिळाली ती त्याच वर्षी, मार्च आणि डिसेंबर या दोन परिषदांच्या मधल्या काळात. समोर बसलेले लोक म्हणजे शेतमजूर, गिरणी कामगार, पलटणीतले पेन्शनर. त्यांच्यापुढे त्यानं 1789 ची फ्रान्सची राष्ट्रसभा मांडली. व्हर्सायला जमलेले लोक कशासाठी जमले होते आणि तुम्ही इथं कशासाठी जमला आहात, याची तुलना केली. 'हे यांना झेपेल का' असा हिशेब त्यात कुठंही दिसत नाही.

मार्चच्या भाषणात तर अर्थशास्त्रज्ञ सरळ दिसतो. लष्करभरती बंद झाल्यानं दापोलीच्या पट्ट्यातल्या महार कुटुंबांचं काय झालं, पेन्शनीच्या पैशानं आधी काय उभं राहिलं होतं, हा विषय. ऐकणाऱ्यांत ते पेन्शनर स्वतः होते. वक्त्याचं एखादं विधान चुकलं असतं तर ते तिथल्या तिथं उठून सांगू शकले असते. भाषण 19 मार्चचं आणि 20 मार्चला सगळे तळ्यावर गेले. व्याख्यानाची इतकी रोकडी परीक्षा आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

त्यामुळे 'लोकांना ऐकायचं नसतं' ही स्टाफरूममधली तक्रार मला या भागात तरी पटत नाही. पोलादपूरकडे वारकरी परंपरा घट्ट आहे. हरिनाम सप्ताहात मध्यरात्रीपर्यंत माणसं बसतात, आणि नुसती बसत नाहीत. कीर्तनकाराचं अभंगाचं चरण चुकलं तर मागचा टाळकरी ते उचलून धरतो. दृष्टांत जुनाच निघाला तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चर्चा होते. असा श्रोता कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये कुणाला मिळतो? विंदा करंदीकर आणि वसंत बापट हे दोघे पेशानं प्राध्यापक. मंगेश पाडगावकरांबरोबर ते गावोगाव कविता घेऊन गेले, तेव्हा त्यांनी कविता पातळ केली नव्हती आणि लोकही उठून गेले नव्हते.

आपल्या व्याख्यान परंपरेतही एक खोट आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली. इंग्लंडात केंब्रिजनं गावोगाव व्याख्याते पाठवायला सुरुवात केली त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे आपण मागे नव्हतो. पण पुढं आपल्याकडे वक्ता मोठा झाला आणि विषय लहान. 'काय बोलला' यापेक्षा 'कसला बोलला!' याला दाद जास्त. तालुक्याच्या गावी तर कार्यक्रमाचा साचाच ठरलेला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (तो पाहुण्यांनीच लिहून पाठवलेला), अध्यक्षांचं दोन शब्दांच्या नावाखाली वीस मिनिटांचं भाषण, आणि शेवटी सूत्रसंचालकाचं ठेवणीतलं वाक्य: वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. मग आभारप्रदर्शन. सगळ्या कार्यक्रमातला कामाचा भाग नेमका प्रश्नोत्तरांचाच होता, आणि कात्री लागली ती त्यालाच.

प्रश्न का महत्त्वाचे, हे कृषी विद्यापीठाकडे पाहिलं की समजतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 चं. तिथलं संशोधन वरकस जमिनीवर पोचतं ते निबंधाच्या रूपात नाही, बियाण्याच्या रूपात: 'दापोली-1' नाचणी, कर्जतच्या केंद्रातलं 'कर्जत-3' भात. शेतकरी मेळाव्यात शास्त्रज्ञ उताऱ्याचे आकडे सांगतो आणि मागून एखादा म्हातारा विचारतो, "दाणा येईल हो सायेब, पण पेंढा आखूड पडला तर गुरांना काय घालू?" या प्रश्नानं शास्त्रज्ञाचं गणितच बदलतं, कारण त्यानं फक्त दाणा मोजलेला असतो. बाकीच्या विद्याशाखांना हा म्हातारा भेटतच नाही. म्हणून तर आपले कितीतरी शोधनिबंध आपल्याच भाईबंदांनी तपासलेले आणि त्यांच्यापुरतेच उरलेले.

आता इथला सगळ्यात निकडीचा विषय घ्या: दरडी. जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते ही महाड तालुक्यातली गावं दरडींखाली सापडली. 22 जुलै 2021 ला तळिये. 80 हून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. तेव्हा वर महाबळेश्वरला 24 तासांत 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता. सावित्री तिथूनच येते, महाडजवळ गांधारी आणि काळ तिला मिळतात, आणि खालून भरतीचं पाणी चढलेलं असेल तर पुराला बाहेर पडायला वाट राहत नाही. यावर अभ्यास होतात. ते इंग्रजीत छापले जातात. डोंगरउताराचे रंगीत नकाशे त्यांत असतात, आणि त्या नकाशावरच्या तांबड्या ठिपक्यात राहणारा माणूस तो नकाशा कधीच पाहत नाही.

त्याला काय हवं असतं? घरामागच्या भाटात एक भेग पडली आहे. ती दरवर्षीची आहे की वाढते आहे? याचं उत्तर भूशास्त्राच्या कुठल्याही अध्यापकाला येतं. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकायची, दोन खुंट्यांमधलं अंतर दोरीनं किंवा टेपनं मोजून तारखेसह लिहून ठेवायचं, पावसाळ्यात ते रोज बघायचं. अंतर वाढत असेल, विजेचा खांब किंवा झाडं कलायला लागली असतील, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल किंवा नको तिथं नवा झरा फुटला असेल, तर कुणाच्या आदेशाची वाट न बघता घर सोडायचं. एवढं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. उरलेला तास गावकऱ्यांनी बोलावं: कुठल्या साली कुठं माती सरकली, कुठली पाणवाट बुजवून रस्ता काढला, कुठल्या उतारावरची झाडं गेली. उपग्रहाच्या चित्रात यातलं फारसं काही दिसत नाही. त्या तासाभरात शिकायला मिळतं ते वक्त्याला.

माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल 2011 मध्ये दिला, तेव्हा तो लोकांच्या भाषेत आणावा, ग्रामसभांपुढे ठेवावा, त्यांचं म्हणणं ऐकून मग ठरवावं, हा त्यांचा आग्रह होता. सरकारनं अहवालच दाबून ठेवला. माहिती अधिकार आणि न्यायालयाच्या वाटेनं तो 2012 मध्ये बाहेर आला. मधल्या काळात कोकणात त्याच्याबद्दल भलत्याच अफवा पसरल्या आणि त्या खोडायला अहवाल कुणाच्या हातात नव्हता. गाडगीळांसारखा नामवंत प्राध्यापक मराठीत लिहीत होता, गावांत जाऊन बोलत होता, पण तो जवळपास एकटा पडला. त्यांच्या सगळ्या शिफारशी बरोबर होत्या की नाही, यावर वाद घालता येईल. तो वाद वाडीत व्हायला हवा होता.

अध्यापक एकटे पडायला घाबरतात, हेही कबूल केलं पाहिजे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. नदीच्या पाण्याचे नमुने तपासणारा प्राध्यापक आपले आकडे परिषदेत बिनधास्त दाखवेल, पण चौकात दाखवायला कचरेल. इतिहासाच्या अध्यापकाची अवस्था त्याहून नाजूक. रायगडाच्या पायथ्याशी राहून शिवकाळावर कागदपत्रांच्या आधारानं बोलणं सोपं राहिलेलं नाही. कुणाच्या भावना कशानं दुखावतील याचा नेम नाही. मग तो गांधारपाले लेण्यांवर बोलतो, तिथल्या शिलालेखातल्या कुमार काणभोज विष्णुपालितावर कुणी मोर्चा काढत नाही.

पुन्हा प्रश्नांकडे येऊ. जयंत नारळीकर शाळकरी मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही येईल, असं सांगत. मला त्यांच्या खगोलशास्त्राइतकीच ही रीत मोठी वाटते, कारण तिच्यात सहीपेक्षा प्रश्न महाग केलेला आहे.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून हाकेच्या अंतरावर आहे. महाडमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, बाबासाहेबांच्याच नावाचं कॉलेज 1961 पासून आहे. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आहे. माणसांची वानवा नाही. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, वाड्या भरलेल्या असतात आणि पाऊस अजून महिनाभर लांब असतो. लोणेऱ्याच्या स्थापत्य विभागातल्या कुणी तेव्हा केवनाळ्याला जावं, खुंट्या आणि टेप घेऊन. बॅनर नको, शाल नको. बोलणं अर्धा तास, प्रश्न जेवणवेळेपर्यंत, आणि ज्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत ते वहीत उतरवून पुढच्या मे महिन्यात परत. प्रवासखर्च मात्र विद्यापीठानं द्यावा. पोलादपूरहून पुढं एसटी वेळेवर मिळेलच असं नाही.