दार लावून ओतलेले तेल

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



आजच्या पाठातील विधवेची गोष्ट आपणांस नवी नाही. तरी ती आपापल्या ओसरीवर बसून, घरातील सर्वांसमक्ष पुन्हा एकदा वाचावी, अशी आमची विनंती आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकजण मरण पावला. तो देवाचे भय बाळगणारा होता, परंतु मागे कर्ज ठेवून गेला. सावकार दारी येऊन उभा राहिला, आणि पैशाच्या ऐवजी तिचे दोन मुलगे दास करून नेऊ लागला. ती बाई अलीशाकडे धावत गेली. अलीशाने तिच्या पदरात पैशाची थैली टाकली नाही. तिच्या घरात काय आहे, हे त्याने प्रथम विचारले. थोड्याशा तेलावाचून तिच्याजवळ काहीच नव्हते. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, आणि मुलांना घेऊन घराचे दार लावून तेल ओतावयास सांगितले. भांडी भरली. तेव्हा त्याने तिला शेवटची आज्ञा केली ती ही, की तेल विकून आधी कर्ज फेडावे, आणि उरेल त्यावर आपला व मुलांचा निर्वाह करावा.

हा पाठ आम्ही बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या आसमंताकडे पाहून निवडला आहे. तो गड नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखला जातो; लोक त्यास धाकटी पंढरी म्हणतात, आणि आषाढी एकादशीस तेथे मोठी गर्दी लोटते. महाराजांचे ते नाव भक्तीचे आहे. बाजारात मात्र आपण सर्वजण रोकड पैशालाच नगदनारायण म्हणतो, आणि त्या दुसऱ्या नारायणामागे धावता धावता या जिल्ह्यातील कुटुंबांची काय दशा होते, हे वाचकांस सांगावयास नको. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू. दसरा-दिवाळी झाली, की हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. अर्धे वर्ष फडावर, अर्धे वर्ष घरी. कमाई फडावर होते, हे खरे. परंतु ती खर्च कोठे होते? घरी राहण्याच्या महिन्यांत. किंबहुना मिळविण्याच्या आधीच ती खर्च होते, कारण मुकादमाची उचल हंगामापूर्वीच हाती पडते. यास्तव आम्ही म्हणतो, की पुढचा हंगाम फडावर नव्हे, घरी ठरत असतो. घरी राहण्याचे दिवस आपण कसे घालवितो, यावर आपल्या मुलांचे स्वातंत्र्य अवलंबून आहे. त्या विधवेच्या दोन मुलांचेही तसेच होते.

पहिली गोष्ट : घरात काय आहे?

अलीशाचा प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचे उत्तर किती घरांत तयार असेल? आपल्या अंगावर किती उचल आहे, किराणा दुकानाची उधारी किती, बियाण्याचे देणे किती, हे पुष्कळदा एकट्या पुरुषाच्या मनात असते. बायकोस त्यातील अर्धे ठाऊक असते, मुलांस काहीच नाही. उलटपक्षी डब्यात पीठ किती, तेल किती, हे बायकोस ठाऊक असते आणि पुरुषास नसते. एकाच घरातील हे दोन हिशेब एकमेकांस कधी भेटतच नाहीत.

भारत सरकारने सन २०२२-२३ मध्ये देशभरातील कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यात असे आढळले, की खेड्यातील कुटुंब आपल्या एकूण खर्चातील शेकडा ३.७९ भाग पान, तंबाखू व मादक पदार्थ यांवर घालविते, आणि शिक्षणावर शेकडा ३.३० भाग. ही सरासरी आहे. प्रत्येक घरास ती लागू पडेल असे नाही. तरीपण हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. ज्यांच्याकरिता आपण ऊस तोडतो असे म्हणतो, त्यांच्या शाळेपेक्षा पुडीला व बाटलीला अधिक मिळावे काय? पुडी दहा-वीस रुपयांची, म्हणून ती कोणी हिशेबात धरीत नाही. परंतु रोजचे वीस रुपये वर्षाअखेर सात हजारांवर जातात. गळक्या घागरीचे भोक लहान असते, म्हणूनच ते डोळ्यांस दिसत नाही.

दुसरी गोष्ट : दार लावणे

अलीशाने दार लावावयास का सांगितले असावे? देवाचे काम गर्दीपुढे मिरविण्याचे नव्हते, असे कोणी म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हांस आणखी एक अर्थ सुचतो. लोकांच्या डोळ्यांदेखत आपला खर्च एका प्रकारचा असतो, आणि दार लावल्यावर दुसऱ्या प्रकारचा. दार लागले म्हणजे, लोक काय म्हणतील, हा पाहुणा बाहेर राहतो.

सन २०२० मध्ये सर्व देशाचे दार एकाच रात्री लागले. २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. आपले ऊसतोड कामगार तेव्हा कारखान्यांच्या आवारात, पाचटाच्या खोप्यांत अडकून पडले होते. १७ एप्रिल रोजी राज्य सरकारने त्यांस गावी जाण्याची मोकळीक दिली, तेव्हा लाखाहून अधिक माणसे परतीच्या वाटेस लागली. त्या वर्षी १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण मंदिरात नव्हे, घरात पाळला. १ जुलैच्या आषाढीस पंढरीची पायी वारी झाली नाही, आणि राज्यातील देवस्थाने बंद असल्यामुळे गडागडांवरील गर्दीही जमली नाही. सर्व धर्मांच्या माणसांस देवाने घरी बसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या दिवसांत घरखर्चाचे काय झाले, ते आठवा. आठवडी बाजार बंद झाले, त्याबरोबर बाजारच्या दिवसाचा चहा, भजी, गाडीभाडे आणि नजरेस पडले म्हणून घेतलेले सामान, हे सारे थांबले. दारूची दुकाने मे महिन्याच्या आरंभापर्यंत बंद होती. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले, आणि जनधन खाती असलेल्या स्त्रियांस एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये मिळाले. लग्नास पन्नासांहून अधिक माणसे बोलाविण्यास मनाई झाली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढीच मर्यादा उरली. आता आम्ही विचारतो, की पन्नास माणसांत लागलेले लग्न कच्चे राहिले काय? त्या जोडप्यास देवाचा आशीर्वाद कमी मिळाला काय? ज्या बापाने जेवणावळीसाठी कर्ज काढले नाही, त्याची मुलगी सासरी कमी नांदली काय?

परंतु आपण एकांगी बोलू नये. घरी बसल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो रूप पालटतो. त्याच दिवसांत शाळा बंद पडल्यामुळे मुलांच्या अभ्यासाकरिता मोबाइल घ्यावा लागला, त्याचा रिचार्ज दरमहा भरावा लागला. बारा माणसे दोन्ही वेळा घरीच जेवू लागली, तेव्हा तेल व डाळ लवकर संपली आणि किराण्याची उधारी वाढली. शिवाय मजुरीच बंद होती. तेव्हा जी काटकसर झाली ती पुष्कळ अंशी सद्गुण नव्हती, नाइलाज होता. अन्न नाही म्हणून उपाशी राहणे यास उपास म्हणत नाहीत. उपास तो, जो ताटात अन्न असता मनुष्य आपण होऊन करतो. यास्तव त्या वर्षाची खरी परीक्षा दार उघडल्यानंतर झाली. मांडव पुन्हा मोठे झाले, वाजंत्री पुन्हा आली, आणि त्यांबरोबर कर्जही आले. बंद दाराने जे शिकविले, ते उघड्या दाराने आपण किती ठेविले?

तिसरी गोष्ट : आधी फेड, मग निर्वाह

अलीशाने तेल विकण्याची आज्ञा दिली, तीबरोबर क्रमही सांगितला. भांडी भरल्याच्या आनंदात त्या बाईने प्रथम शेजारणींस जेवण घालावे, असे तो म्हणाला नाही.

आपण एक साधा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात शेकडा ३४ वाढ ठरली, तेव्हा एका टनास सुमारे ३६६ रुपये पडू लागले. समजा, एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली. ती फिटावयास त्यांनी सुमारे २७३ टन ऊस तोडला पाहिजे. दोघांनी मिळून दिवसास दोन टन तोडला, तर एकशे छत्तीस दिवस, म्हणजे साडेचार महिने लागतात. हंगाम जेमतेम तेवढाच. त्यात पोटाचा खर्च वेगळा, दुखण्याचा वेगळा, आणि खाडा पडला तर दंड वेगळा. तेव्हा हंगाम संपताना अंगावर बाकी राहिली, तर त्यात नवल काय? ती बाकी पुढच्या वर्षी त्या कुटुंबास पुन्हा ओढून नेते, आणि मुलास शाळेच्या बाकावरून उठवून त्याच गाडीत बसविते. दास करून नेणारा सावकार आजही आहे. तो आता दोरी आणीत नाही, उचल आणतो.

आणि त्या एका लाखातील केवढा भाग पोटासाठी होता? औषध, बियाणे, घरावरील पत्रे यांकरिता घेतलेले पैसे आम्ही दोषास्पद मानीत नाही. परंतु मानासाठी, मांडवासाठी, व्यसनासाठी उचललेल्या प्रत्येक हजारामागे पावणेतीन टन ऊस आहे, आणि तो ऊस आपल्या बायकोच्या डोक्यावरून वाहनात चढावयाचा आहे, हे विसरू नये.

येथे उपदेशकांस एक सूचना करणे अवश्य आहे. काटकसरीचा उपदेश करताना गरिबावर दोष ठेवू नये. मजुरी अपुरी आहे, दुष्काळ खरा आहे, आणि मजुराची मजुरी अडविणाऱ्याविरुद्ध याकोबाच्या पत्रात किती कडक शब्द आहेत, हे आपण जाणतो. न्याय्य मजुरी मागणे हेही देवाचेच काम आहे. घरचा हिशेब नीट ठेवणारा मनुष्य ती मागणी अधिक ताठ मानेने करील, इतकेच आमचे म्हणणे आहे.

तसेच प्रत्येक बचत चांगली नसते. आईने शेवटी जेवावे व उरेल तेवढेच खावे, ही बचत नव्हे. स्त्रीने दुखणे अंगावर काढावे, ही तर मुळीच नव्हे. सन २०१९ मध्ये सरकारने विधान परिषदेत सांगितले, की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियाही होत्या. एक दिवस काम बुडू नये म्हणून जे दुखणे वेळेवर दाखविले जात नाही, त्याची किंमत शेवटी देहाने भरावी लागते. घरी राहण्याचे महिने हे स्त्रियांनी दवाखान्यात जाण्याचे महिने होत. तो खर्च पुरुषांनी आपण होऊन आधी बाजूस काढावा.

आता करावे काय? फडावरून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी प्रार्थना करून सर्व कुटुंबाने एकत्र बसावे. शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वही धरावी. काय आणले, काय देणे आहे, पावसाळाभर काय लागेल, आणि कशावाचून चालेल, हे चार रकाने लिहावे. बायकोचा शब्द पुरुषाच्या शब्दाइतकाच धरावा. स्त्रियांचा बचत गट असेल तर त्यात नियमित भरणा करावा. हंगामी वसतिगृहाची चौकशी दिवाळीस नव्हे, शाळा सुरू होतानाच करावी. मंडळीत लग्न ठरले, तर पंचांनी व पाळकांनी पन्नास पाहुण्यांची रीत पुन्हा सुचवावी, आणि ती प्रथम आपल्या घरी पाळून दाखवावी. कारण मोठ्यांनी पाळल्यावाचून गरिबास ती पाळण्याचे धैर्य होत नाही. उपदेशकांनी घरभेटीस जाताना वहीची विचारपूस जरूर करावी, परंतु आकडे पाहू नयेत. ते त्या घराचे आणि देवाचे आहेत.

त्या विधवेचे तेल भांडी होती तोवर वाहिले, आणि भांडी संपताच थांबले. देवाच्या देण्यास मर्यादा नव्हती. मर्यादा ठेवण्याच्या जागेस होती. देव आपल्या घरांतही देत असतो, पावसाने, मजुरीने, शेजाऱ्याच्या हाताने. ते साठवावयास एखादे भांडे आपण रिकामे ठेविले आहे काय? यंदा पाडव्यास तुम्ही घरी याल, तेव्हा काही काळ दार लावा, मुलांस जवळ बसवा, आणि देवासमक्ष वही उघडा. आपल्या मुलांस कोणी नेऊ नये म्हणून जी बाई रडत धावली, तिचे ऐकणारा देव तुमचेही ऐको, आणि फेड झाल्यावर उरलेल्यावर तुमचा निर्वाह सुखाचा करो. आमेन.